चौदाशे गुणांचं काय करायचं?

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश वस्तीत, आईवडिलांच्या घराच्या तळघरात, स्टॅन्ली कॅप्लन नावाचा तरुण १९३८ पासून शिकवण्या घेत असे. वडील नळकाम करणारे, घर ज्यू. सिटी कॉलेज या सरकारी महाविद्यालयातून तो अव्वल गुणांनी पदवीधर झाला, डॉक्टर व्हायचं म्हणून अर्ज केले आणि एकाही वैद्यकीय महाविद्यालयानं त्याला घेतलं नाही. आपलं ज्यू असणं आणि कॉलेज सरकारी असणं या दोन गोष्टी नडल्या, अशी त्याची खात्री होती, आणि पुढे आत्मचरित्रात त्यानं ती मांडलीही. सगळ्या अर्जदारांना एकाच मापानं मोजणारी परीक्षा तेव्हा असती, तर खासगी कॉलेजातल्या मुलांच्या तोडीचे आपण आहोत हे दाखवता आलं असतं, असं तो म्हणत राहिला.

१९४६ साली एक शाळकरी मुलगी त्याच्याकडे आली. तिला एसएटी नावाच्या, कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेची तयारी करायची होती. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचं म्हणणं असं, की शिकवणी लावून इथे काही उपयोग नाही. ही परीक्षा पाठांतर तपासत नाही, अंगची कुवत तपासते. कॅप्लनला ते पटलं नाही. त्यानं मुलीला शिकवायला घेतलं, एकीच्या दहा झाल्या, दहांचे शंभर, आणि त्या तळघरातून देशभर पसरलेला क्लासेसचा धंदा उभा राहिला. १९८४ साली वॉशिंग्टन पोस्ट कंपनीनं तो विकत घेतला.

परीक्षेमुळे गरिबाच्या मुलाला दार उघडतं, असं मनापासून मानणाऱ्या माणसानंच पैसेवाल्यांच्या मुलांना त्या दाराची वाट सोपी करून देणारा बाजार उभा केला. एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत हा विषय घ्यावासा वाटला, त्याचं कारण या विसंगतीत आहे. नामांकित महाविद्यालयाच्या प्रवेशात अशा परीक्षेच्या गुणांना वजन किती असावं, हा प्रश्न अमेरिका गेली शंभर वर्षं सोडवते आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत तर तिनं तो आधी एका टोकाला नेला आणि मग बराचसा मागे फिरवला. जिथे सगळं आयुष्य एका पर्सेंटाइलवर तोललं जातं त्या महाराष्ट्राला या उलटसुलट प्रवासातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डचा प्रवेश आजच्या मानानं सरळ होता. विषयवार प्रवेशपरीक्षा द्यायची, पास झालात तर जागा मिळायची. अडचण अशी झाली, की स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुलं या परीक्षेत भराभर पास होऊ लागली. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत त्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं. अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांना सरळसरळ टक्केवारीची मर्यादा घालायची होती. प्राध्यापकांनी ती उघडपणे मान्य केली नाही, तेव्हा आडवाट काढण्यात आली. अर्जासोबत फोटो मागवायला सुरुवात झाली. शिफारसपत्रं आली, मुलाखती आल्या, ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांचं मूल्यमापन आलं, देशाच्या सगळ्या भागांतून मुलं यावीत असं धोरण आलं. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञानं हा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. आज ज्याला मोठ्या अभिमानानं ‘सर्वांगीण मूल्यमापन’ म्हटलं जातं, त्याची मुळं इथे आहेत. गुणांपलीकडचा माणूस पाहावा, ही इच्छा आज प्रामाणिक असेलही. पण ती यंत्रणा उभी राहिली ती गुण मिळवणाऱ्या नकोशा मुलांना बाहेर ठेवण्यासाठी.

परीक्षेचं स्वतःचं कूळही काही निर्मळ नव्हे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं सुमारे १७ लाख जवानांची बुद्धिमापन चाचणी घेतली होती. त्या आकडेवारीवर प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि उत्तर युरोपातल्या गोऱ्यांची बुद्धी इतरांपेक्षा वरचढ असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच ब्रिगहॅम यांनी कॉलेज बोर्डासाठी एसएटी तयार केली. २३ जून १९२६ रोजी ८ हजारांवर विद्यार्थी ती द्यायला बसले. ९७ मिनिटं, ३१५ प्रश्न. चार वर्षांनी, १९३० मध्ये, ब्रिगहॅम यांनी आपला वंशविषयक सिद्धान्त जाहीरपणे मागे घेतला. मात्र परीक्षा राहिली.

तिला खरं बळ दिलं हार्वर्डचे पुढचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी. १९३३ साली ते आले, तेव्हा हार्वर्ड म्हणजे बोस्टन-न्यूयॉर्कच्या बड्या घरांतल्या आणि ठरावीक खासगी शाळांतल्या मुलांचा अड्डा होता. कॉनंट यांनी मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांतून हुशार मुलं शोधण्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली आणि हेन्री चॉन्सी या साहाय्यकाला निवडीचं साधन शोधायला सांगितलं. १९३५ मध्ये इलिनॉयमधल्या विद्यापीठाच्या गावातला जेम्स टोबिन हा मुलगा फारशी खास तयारी न करता प्रवेशपरीक्षेला बसला आणि ही शिष्यवृत्ती घेऊन हार्वर्डला गेला. घर सुशिक्षित होतं, पण हार्वर्डशी त्या घराचा काही संबंध नव्हता. १९८१ चं अर्थशास्त्राचं नोबेल टोबिन यांना मिळालं. चॉन्सी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ईटीएस या परीक्षासंस्थेचे पहिले अध्यक्ष झाले आणि एसएटी घराघरांत पोहोचली.

या परीक्षेवरचे आक्षेप पोकळ नव्हते. एसएटीत पूर्वी शब्दसंबंधांचे प्रश्न असत. त्यातला एक फार गाजला. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तेच पुढीलपैकी कोणत्या जोडीत आहे? अपेक्षित उत्तर होतं, वल्हेकरी आणि ‘रेगाटा’, म्हणजे नौकांची शर्यत. ज्यांच्या शाळेला स्वतःचा बोट क्लब आहे, त्यांना हा शब्द रविवारच्या जेवणासारखा ओळखीचा. शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय मुलानं तो ऐकायचा तरी कुठे? प्रश्न तर्काचा आहे असं सांगायचं आणि तपासायचं घरचं राहणीमान, हा अन्याय होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रमुख रिचर्ड ॲटकिन्सन स्वतः मानसशास्त्रज्ञ. एका श्रीमंत खासगी शाळेत बारा-बारा वर्षांची मुलं शब्दसंबंधांची घोकंपट्टी करताना त्यांनी पाहिली आणि २००१ साली ही परीक्षाच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल म्हटल्यावर कॉलेज बोर्ड हललं. २००५ पासून तसले प्रश्न गेले.

तरीही मुख्य आक्षेप उरलाच. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना १३०० किंवा त्याहून अधिक गुण मिळण्याची शक्यता सर्वांत गरीब २० टक्क्यांतल्या मुलांच्या १३ पट आहे. कमाल गुण १६०० असलेल्या परीक्षेची ही गोष्ट. क्लासमुळे किती फरक पडतो याबद्दल मात्र समज आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे. अमेरिकेतल्या प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००९ मध्ये केलेल्या आढाव्यात क्लासचा फायदा सरासरी ३० गुणांच्या आसपास निघाला. १३ पटींची दरी दोन महिन्यांच्या क्लासमधून आलेली नाही. ती आली पहिलीपासूनची शाळा, घरातली पुस्तकं, शेजार, वेळेवर मिळणारं जेवण आणि शांत झोप यांतून. परीक्षा ती दरी निर्माण करत नाही, दाखवते. ती दिसू नये म्हणून परीक्षा झाकून ठेवली तर दरी बुजणार आहे का, हा खरा प्रश्न. कोविडनं त्याचं उत्तर मिळवून दिलं.

२०२० च्या वसंतात परीक्षाकेंद्रं बंद पडली. गुण पाठवणं ऐच्छिक, अशी घोषणा जवळपास प्रत्येक नामांकित महाविद्यालयानं केली. कल्पना नवी नव्हती. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजनं ती १९६९ मध्येच अमलात आणली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठानं तर एक पाऊल पुढे टाकलं आणि गुण पाठवले तरी पाहणार नाही, असं ठरवलं. गंमत नव्हे, खेद याचा वाटतो, की त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीनं काही महिन्यांपूर्वी वर्षभर अभ्यास करून उलट अहवाल दिला होता. मुलाची शाळा कोणती, वस्ती कोणती हे पाहून गुण वाचले तर मागास घरांतल्या हुशार मुलांना त्याचा उपयोगच होतो, असं समितीचं म्हणणं होतं. नियामक मंडळानं ते एकमतानं बाजूला सारलं.

आता डार्टमथकडे जायला हवं, कारण सगळ्यात बोलका पुरावा तिथला आहे. न्यू हॅम्पशायरमधलं हे छोटं, जुनं महाविद्यालय. २०२३ मध्ये तिथे अध्यक्षा म्हणून आलेल्या शान बायलॉक या परीक्षेच्या दडपणाखाली माणूस का गडबडतो, याच विषयाच्या संशोधक. परीक्षेचं भय ज्यांना शास्त्रीय दृष्टीनं माहीत आहे, अशा बाईंनी आपल्याच तीन अर्थशास्त्रज्ञांना आणि एका समाजशास्त्रज्ञाला विचारलं, की गुण ऐच्छिक केल्यानं आपण ज्यांच्यासाठी हे केलं त्या मुलांचं भलं झालं का?

झालं नव्हतं. ज्या मुलांनी परीक्षा दिली पण गुण कळवले नाहीत, त्यांचे गुण या संशोधकांनी मागाहून मिळवून पाहिले. गरीब घरांतली, घरात कुणी कॉलेजचं तोंड न पाहिलेली अशी कितीतरी मुलं होती ज्यांना १४०० च्या घरात गुण होते. ते त्यांनी दडवून ठेवले होते. कारण समजण्यासारखं आहे. मुलगी आपल्या गावातल्या वाचनालयाच्या संगणकावर बसते, डार्टमथच्या प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांचे गुण शोधते आणि तिला १५०० च्या वरचे आकडे दिसतात. आपले १४००. आपण कमी पडलो, हे कशाला कळवा? ज्यांचे गुण फार चांगले तेच कळवतात, त्यामुळे जाहीर होणारा आकडा दरवर्षी आणखी वर सरकतो आणि आणखी मुलं गुण दडवतात. हे चक्र कुणी मुद्दाम फिरवलं नव्हतं. ऐच्छिक या एका शब्दानं ते आपोआप फिरू लागलं.

आणि प्रवेश समितीच्या टेबलावर काय घडत होतं? प्रत्येक अर्जासोबत शाळेची माहिती येते. त्या शाळेतल्या मुलांना साधारण किती गुण मिळतात, किती जण कॉलेजला जातात, कुठले प्रगत विषय शिकवले जातात. ज्या शाळेची सरासरी हजाराच्या आसपास आहे, तिथून १४०० चा अर्ज आला तर वाचणारा खुर्चीत सरसावून बसतो. बोस्टनच्या महागड्या खासगी शाळेतून तोच १४०० आला तर त्याची कुणी दखलही घेत नाही. हा फरक समितीला ठाऊक होता, मुलीला नव्हता. त्याच संशोधकांच्या नंतरच्या हिशेबानुसार मागास घरांतल्या अशा हुशार मुलांनी गुण कळवले असते, तर त्यांच्या प्रवेशाची शक्यता साडेतीन पटींहून अधिक झाली असती. त्यांच्यासाठी म्हणून केलेल्या दयेनं त्यांच्याच हातातलं एकमेव नाणं खिशात लपवायला लावलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथनं परीक्षा पुन्हा सक्तीची केली.

एमआयटीनं त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २०२२ मध्ये, हेच केलं होतं. तिथलं कारण रोखठोक आहे. एमआयटीत विषय कुठलाही घ्या, साहित्य घ्या नाहीतर संगीत, पहिल्या टप्प्यात कलनशास्त्राची दोन सत्रं आणि त्यावर आधारलेल्या भौतिकशास्त्राची दोन सत्रं कुणालाच चुकत नाहीत. प्रवेशप्रमुख स्टू श्मिल यांनी लिहिलं, की गणिताचे गुण पाहिल्याशिवाय मूल इथे तग धरेल का हे खात्रीनं सांगता येत नाही. मात्र तयारी आहे एवढं कळण्यापुरतेच ते गुण पाहिले जातात. त्या पातळीच्या वर पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला वेगळा मान नाही. ही दुसरी गोष्ट भारतीय पालकांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. शेवटच्या २० गुणांसाठी मुलाची दोन वर्षं खर्ची घालणाऱ्यांना ती कुणीच सांगत नाही.

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेनं २०२३ च्या नव्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. गुण कळवलेल्यांची एसएटीची मध्यक पातळी १४२० होती, न कळवलेल्यांची ११६०. पहिल्या सत्रात चार गुणांच्या मोजपट्टीवर दोघांत सुमारे ०.८६ चा फरक पडला, आणि हा फरक शाळेतले गुण वगैरे बाकीच्या गोष्टी हिशेबात घेतल्यानंतरचा. येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, स्टॅनफर्ड एकामागून एक परीक्षेकडे परतले. प्रिन्स्टननंही २०२७-२८ च्या प्रवेशांपासून परीक्षा पुन्हा सक्तीची करण्याचं जाहीर केलं. कोलंबिया मात्र ऐच्छिकवर ठाम राहिलं.

कॅलिफोर्निया विद्यापीठात गुण अजूनही पाहिले जात नाहीत. तिथल्या सॅन डिएगो शाखेच्या प्राध्यापकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये काढलेला अहवाल वाचून वाईट वाटतं. शालेय पातळीपेक्षाही कच्चं गणित घेऊन आलेल्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत सुमारे ३० पट झाली होती. कोविडनं शाळा बुडाल्या हे त्याचं एक कारण, पण त्यांतल्या अनेकांच्या शालेय प्रगतिपुस्तकात गणिताचा शेरा उत्तम होता. अमेरिकेत शाळांचे गुण गेल्या दशकभरात फुगत गेले आहेत. एसीटी या दुसऱ्या मोठ्या परीक्षेच्या संस्थेनं २०१० ते २०२१ या काळात शालेय सरासरी ३.२२ वरून ३.३९ वर गेल्याचं दाखवलं, आणि त्याच काळात परीक्षेतले गुण काही वाढले नव्हते. या मुलांना फसवलं कुणी? तुझं गणित छान आहे, असं शाळेनं त्यांना सांगितलं आणि खरं काय ते विद्यापीठात येऊन, कर्ज काढून बसल्यावर कळलं.

गुण गेले की त्यांच्या जागी काय येतं, हेही पाहायला हवं. निबंध येतो. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ६० हजार अर्जदारांचे निबंध संगणकानं तपासले आणि २०२१ मध्ये जाहीर केलं, की निबंधाचा आशय आणि घरचं उत्पन्न यांचं नातं एसएटी आणि उत्पन्न यांच्या नात्यापेक्षाही घट्ट आहे. निबंध दहा वेळा तपासून देणारे सल्लागार पैशानं मिळतात. परदेशातली समाजसेवाही पैशानं मिळते. तलवारबाजी, नौकानयन, स्क्वॉश हे खेळ तर पैशाशिवाय खेळताच येत नाहीत. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या रिक सिंगरच्या प्रवेशघोटाळ्यात दोन्ही प्रकारची चोरी होती. परीक्षेतले गुण विकत घेतले गेले आणि आयुष्यात वल्हं न धरलेली मुलं नौकानयनपटू म्हणून दाखल झाली. पहिली चोरी निदान चोरी म्हणून ओळखता तरी येते.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली करविवरणांपर्यंत जाऊन जो अभ्यास केला, तो या सगळ्या वादाचा कणा मानावा असा आहे. सारखेच एसएटी गुण असलेली दोन मुलं घ्या, एक अतिश्रीमंत एक टक्क्यांतलं, दुसरं मध्यमवर्गीय. आयव्ही लीगसारख्या महाविद्यालयात पहिल्याची वर्णी लागण्याची शक्यता दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त निघाली. गुण सारखे, तर फरक आला कुठून? आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी असणं, खेळाडू म्हणून भरती, आणि खासगी शाळांतून येणारी अभ्यासेतर कामगिरी व वजनदार शिफारसपत्रं. प्रवेशातल्या वंशाधारित प्राधान्यावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात तिथली आकडेवारी न्यायालयासमोर आली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा प्रवेशदर ३३ टक्क्यांच्या घरात, बाकीच्यांचा ६ टक्के. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वंशाच्या आधारे दिला जाणारा प्राधान्यक्रम रद्द केला. वारसाहक्कानं मिळणारा शिल्लक राहिला. परीक्षेविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांनी आपला थोडासा तरी संताप या वारसाहक्कासाठी राखून ठेवायला हवा होता. एमआयटी तो मानत नाही, जॉन्स हॉपकिन्सनं तो सोडला, कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये खासगी महाविद्यालयांनाही कायद्यानं मनाई केली.

मग सगळी भिस्त गुणांवरच ठेवावी का? त्याच खटल्यातले आणखी काही आकडे याचं उत्तर देतात. २०१५ साली दाखल झालेल्या तुकडीसाठी सुमारे २६ हजार अमेरिकी विद्यार्थ्यांनी अर्ज केले. त्यांतल्या ३,४०० जणांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते, २,७०० जणांना भाषेत, आणि ८ हजारांहून अधिक मुलांचे शालेय गुण परिपूर्ण होते. जागा दोन हजारांच्या आत. एवढ्या उंचीवर परीक्षा मुलांना एकमेकांपासून वेगळं करूच शकत नाही. ताणलं तर ती फक्त त्या दिवशी कुणाला झोप लागली होती आणि कुणाला नव्हती, एवढंच सांगेल.

महाराष्ट्राला ही गोष्ट कुणी सांगायची गरज नाही. २०२५ च्या दहावीच्या निकालात २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के मिळाले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले. कला-क्रीडेचे वाढीव गुण त्यात आहेत हे खरं, पण शंभरावर शंभर मिळवणाऱ्या दोनशे मुलांतून अकरावीसाठी निवड करायची कशी? एसएससी, आयसीएसई आणि सीबीएसई यांचे गुण एका तराजूत कसे घालायचे, यावरून २००८ ते २०१० या तीन वर्षांत राज्यानं पर्सेंटाइल, ९०:१० आणि बेस्ट फाइव्ह अशी तीन सूत्रं आणली. पहिली दोन उच्च न्यायालयात टिकली नाहीत, तिसरं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ मध्ये कोविडमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी सीईटी घ्यायचं ठरलं आणि तीही उच्च न्यायालयानं रद्द केली. सर्वांना सामाईक असं माप नसलं की काय हाल होतात, हे त्या वर्षांतल्या पालकांनी अनुभवलं आहे.

उलट बाजूला वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ आहे. ५ मे २०२४ ला २३ लाखांवर मुलं ही परीक्षा द्यायला बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२०. वेळ कमी मिळाला म्हणून १,५६३ मुलांना दिलेले वाढीव गुण नंतर मागे घ्यावे लागले. पेपर फुटल्याच्या तपासाचे धागे पाटणा, हजारीबागपासून लातूरपर्यंत आले. ज्या लातूर पॅटर्ननं पन्नास-साठ किलोमीटरवरच्या खेड्यातल्या मुलाला डॉक्टर होता येतं हे महाराष्ट्राला दाखवून दिलं, त्या शहराचं नाव अशा बातमीत यावं याचं दुःख होतं. पण नवल वाटायला नको. शाळा, घर, बारावीचे गुण, दोन वर्षांची मेहनत, सगळं बाजूला ठेवून काही तासांच्या एका आकड्यावर डॉक्टर होणं न होणं ठरत असेल, तर त्या आकड्याची किंमत लावणारे दलाल तयार होणारच. अमेरिकेत एसएटी वर्षातून अनेकदा देता येते, चांगले गुण पाठवता येतात, आणि ती अर्जातल्या अनेक गोष्टींपैकी एक असते. तिथल्या परीक्षेत दोष कितीही असोत, एका रविवारच्या दुपारी आयुष्य संपत नाही.

म्हणजे वजन किती, हा प्रश्न सुटा विचारून चालत नाही. गुण कुणाच्या शेजारी ठेवून वाचले, यावर ते वजन ठरतं. कॉलेज बोर्डानं हे काम सोपं करण्याचा एक प्रयत्न केला होता. २०१९ मध्ये त्यांनी विद्यार्थ्याच्या शाळेची आणि वस्तीची परिस्थिती एका आकड्यात मांडायचं ठरवलं. ‘हालअपेष्टांचे गुण’ म्हणून त्याची इतकी टर उडवली गेली, की काही महिन्यांत तो आकडा मागे घ्यावा लागला. त्या जागी शाळा आणि वस्तीची नुसती माहिती देणारी ‘लँडस्केप’ ही सोय आली, आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. परीक्षा परत आणायची आणि ती वाचायची चौकट काढून घ्यायची, हे धोरण डार्टमथच्या अहवालाच्या नेमकं विरुद्ध आहे. त्या १४०० ला अर्थ होता तो शेजारी शाळेची सरासरी छापलेली होती म्हणून.

भारतात याचं एक चांगलं उदाहरण आहे, तमिळनाडूचं. नीट रद्द व्हावी म्हणून ते राज्य वर्षानुवर्षं लढतंय आणि परीक्षा काही हटत नाही. पण २०२० मध्ये न्यायमूर्ती पी. कलैयरसन समितीच्या शिफारशीनुसार त्यांनी एक कायदा केला. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट पात्र झालेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा. परीक्षा तीच, गुण तेच, फक्त सरकारी शाळेतल्या मुलाची तुलना सरकारी शाळेतल्या मुलाशी. आधीच्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मुलांना प्रवेश मिळाला होता. कायद्याच्या पहिल्याच वर्षी ३०० हून अधिक जण एमबीबीएसला गेले. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं हा कायदा वैध ठरवला.

महाराष्ट्राचा सीईटी कक्ष प्रवेशाच्या अर्जात विद्यार्थ्याचं दहावी-बारावीचं बोर्ड, जिल्हा आणि पालकांचं उत्पन्न विचारतो. ही माहिती आज आरक्षण, प्रवेशाचा कोटा आणि शुल्कसवलत यांच्यापुरती वापरली जाते. कक्षानं निकालासोबत ती शाळानिहाय जाहीर करावी. कोणत्या कनिष्ठ महाविद्यालयातून किती मुलं बसली, त्यांचं सरासरी पर्सेंटाइल किती, त्यांतली किती जण घरातली पहिली पदवीधर होणार, हे उघड असावं. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या ज्या महाविद्यालयाची सरासरी चाळिशीत आहे, तिथून ८८ पर्सेंटाइल घेऊन आलेल्या मुलीला पुण्या-मुंबईच्या ९७ च्या रांगेत उभं करून परत पाठवू नये. चांगल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात अशा मुलांसाठी पाच-सात टक्के जागा, वसतिगृह आणि पहिल्या वर्षी गणिताचा जादा वर्ग, एवढ्यापासून सुरुवात करता येईल, आणि त्यासाठी नवी परीक्षा घ्यावी लागणार नाही.